सर्वसाधारण दराचा रकाना

नाशिकमधल्या एका बोळातल्या डीटीपीच्या दुकानात मी अकरा वर्षं काम केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, मधूनच एखादी स्मरणिका. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्री-लिपीचे फॉन्ट एवढ्यावर माझं घर चाललं. त्या कामात कागदाचा आकार आधी ठरतो आणि मजकूर मागून येतो. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. दुकानात जेवढा, तेवढाच गिऱ्हाइकाच्या घरी. एखादी ओळ वर सरकवली की ती तिथेच छापून येणार, याची खात्री असायची. मांडणी करायची म्हणजे जागा नेमून द्यायची आणि मजकूर तिथे घट्ट बसवायचा, हे माझ्या हातात भिनलं होतं. हे आधी सांगतो, कारण पुढच्या माझ्या बहुतेक चुका या सवयीतून झाल्या. ती सवय सोडवायला ज्यांनी मला मदत केली, त्यांचं ऋण कुठेतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

२०१३ साली दुकानाचं काम आटत गेलं आणि मी वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात लागलो. मराठी टायपिंग येतं म्हणून मला घेतलं होतं. वय छत्तीस. माझ्या शेजारच्या खुर्चीत इंजिनीअरिंग करून नुकतीच लागलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी बसायची. ती मला दादा म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचो. ती ऑफिस सोडून गेली तोवर आमचं संबोधन तेच राहिलं. इथेही मी त्यांना मॅडमच म्हणतो.

पहिलं काम एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं आलं. वेबपान कसं दिसावं हे ज्या भाषेत लिहितात, त्या सीएसएसची तोंडओळख होईल एवढं मी शिकलो होतो. मी पानाची रुंदी ९६० पिक्सेल ठेवली आणि आतल्या प्रत्येक वस्तूला पिक्सेलमध्ये माप दिलं. तेव्हा ९६० हा आकडा सगळीकडे दिसायचा. १०२४ पिक्सेलच्या पडद्यावर तो बसतो, त्याला बारानेही भाग जातो आणि सोळानेही. मला तो माझा नवा ए-फोर वाटला. पान माझ्या पडद्यावर देखणं दिसत होतं.

मॅडमनी ते पाहिलं, ब्राउझरच्या खिडकीची उजवी कड माउसने धरली आणि हळूहळू आत ढकलत नेली. माझा उजवीकडचा रकाना कडेच्या मागे गेला.

"दादा, या वाचनालयाच्या सभासदांकडे कोणते फोन आहेत?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मग ९६० कुणी ठरवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला राग आला होता. काल कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी अकरा वर्षं मांडणी केलेल्या माणसाला शिकवते, असं मनात येऊन गेलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काही न बोलता माझ्या फाइलच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची एक ओळ लिहिली आणि पान फोनवर उघडून दाखवलं. फोनचा ब्राउझर वेबपान उघडताना आपण ९८० पिक्सेल रुंद आहोत असं धरून चालतो, आणि मग सगळं पान आक्रसून लहानशा काचेवर बसवतो. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा सगळी पानं मोठ्या पडद्यासाठीच बनलेली होती, म्हणून ही सोय केली गेली. त्यामुळे माझं पान फोनवर अख्खं दिसत होतं, पण अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी होती. ती एक ओळ घातली की फोन आपली खरी रुंदी सांगतो. माझ्या पानाने ती रुंदी ऐकली आणि ते तिथल्या तिथे कोलमडलं. मॅडम म्हणाल्या, "आता खरं काम सुरू."

पुढचा महिना मी पिक्सेलचे टक्के करण्यात घालवला. ९६० च्या पानात ३०० चा रकाना, म्हणजे ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. आपल्याला हवं ते माप भागिले ज्याच्या पोटात ते आहे त्याचं माप. कॅल्क्युलेटर घेऊन मी हे भागाकार वहीत करत बसायचो.

मग मी चौकटीच्या हिशेबात अडकलो. दोन रकाने, प्रत्येकी ५० टक्के. बेरीज शंभर. तरी आतून थोडा समास सोडला की दुसरा रकाना खाली घसरायचा. मी ४७ टक्के करून पाहिले, ४६.५ करून पाहिले. कुठल्याशा फोनवर जमायचं, दुसऱ्यावर पुन्हा घसरायचं. दोन दिवस गेले. शेजारी विचारायचं तर कमीपणा वाटत होता. तिसऱ्या दिवशी मॅडमनीच माझा पडदा पाहिला. त्यांनी सांगितलं की सीएसएसमध्ये रुंदी म्हणजे मूळ हिशेबात फक्त मजकुराची रुंदी. आतला समास आणि कडेची रेघ त्यावर जास्तीची धरली जाते. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स सांगितलं की समास आणि रेघ त्याच मापात मोजली जातात.

माझं आजोळ शेतकऱ्याचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे सातबाऱ्यावर पोटखराबा धरून एकूण क्षेत्र लिहितात तसं." मॅडम शहरात वाढलेल्या, त्यांना पोटखराबा हा शब्द माहीत नव्हता. गटातली जी जमीन लागवडीला येत नाही पण क्षेत्रात मोजली जाते, ती पोटखराबा, असं मी सांगितलं. त्यांनी तो शब्द आपल्या वहीत लिहून घेतला. विचारणारा लहान होतो ही माझी समजूत त्या दिवशी गळाली, आणि त्यानंतर मी त्यांना अडेल ते विचारू लागलो.

त्यांनीच मला एक इंग्रजी लेख छापून आणून दिला. ईथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरने 'ए लिस्ट अपार्ट' या वेब-नियतकालिकात तो २५ मे २०१० रोजी प्रसिद्ध केला होता. 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव तिथूनच चालू झालं. माझं इंग्रजी कामापुरतं. तो लेख वाचायला मला नऊ रात्री लागल्या. शेजारी शब्दकोश, समोर वही. एकेका परिच्छेदाचा अर्थ मराठीत लिहायचा आणि मग पुढे जायचं.

मार्कॉट यांनी त्यात तीन गोष्टी एकत्र आणल्या आहेत. टक्क्यांत मोजलेली जाळी, आपल्या जागेबाहेर न जाणारी चित्रं, आणि पडद्याची रुंदी विचारून नियम बदलणारी मीडिया क्वेरी. यातली कुठलीच गोष्ट त्यांनी शोधून काढलेली नव्हती. चित्राला मॅक्स-विड्थ शंभर टक्के द्यावी, हे आधीही लोकांना माहीत होतं. मीडिया क्वेरीचं काम वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीमध्ये चालू होतं. ती पक्की शिफारस झाली जून २०१२ मध्ये. माणसांच्या वावराला प्रतिसाद देत बदलणाऱ्या वास्तूंची कल्पना त्यांनी वास्तुकलेतून उचलली आणि तिच्या उजेडात या सुट्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. उदाहरणासाठी त्यांनी शेरलॉक होम्सच्या जगातलं एक काल्पनिक पान केलं होतं. खिडकी अरुंद करावी तशी त्यातली चित्रं आपली ओळ मोडून नवी ओळ धरायची. मी ते पान कितीदा अरुंद-रुंद केलं असेल, याची मोजदाद नाही. पंगतीत जागा कमी पडली की मागे दुसरी ओळ मांडतात, कुणाला उठवत नाहीत, तसं ते होतं.

तो लेख कुणालाही फुकट वाचता येत होता. डीटीपी शिकताना मी सहा महिने बिनपगारी टायपिंग केलं होतं. कला तशीच मिळते असं मी धरून चाललो होतो. इथे ओळखपाळख नसलेल्या एका माणसाने आपल्याला कळलेलं सगळं उघड्यावर मांडून ठेवलं होतं, आणि ते नाशिकच्या एका खोलीत रात्री अकरा वाजता माझ्यापर्यंत आलं होतं.

त्याच नियतकालिकात जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियातल्या लेखकाचा एप्रिल २००० मधला एक जुना लेख मला नंतर सापडला. छापील पानावर हुकमत चालवायची सवय घेऊन आपण वेबकडे आलो, पण या माध्यमाचा लवचीकपणा हा त्याचा दोष नाही, तो स्वीकारून काम करावं, असं त्यात त्यांनी सांगितलं आहे. ते लिहिलं गेलं तेव्हा मी अजून डीटीपी शिकतही नव्हतो. माझं दुखणं माझ्या आधी कुणाला तरी कळलं होतं, याचा मोठा आधार वाटला.

काही गोष्टी मात्र इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी शिकवल्या नाहीत, कारण त्या त्यांच्या लिपीत घडत नाहीत. शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून मी दोन अक्षरांमधली जागा वाढवली आणि शिरोरेषेचे तुकडे पडले. इंग्रजी उदाहरणातून ओळींमधलं अंतर जसंच्या तसं उचललं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिरले. देवनागरीला डोक्यावर आणि पायाखाली जास्त जागा लागते. मी खिळ्यांचं नाही तरी डीटीपीचं काम केलेला माणूस, हे मला आधी कळायला हवं होतं. नंतर मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट वापरू लागलो तेव्हा, मराठी डोळ्यांनी घडवलेलं अक्षर पडद्यावर किती शांत बसतं, ते पाहिलं. एकदा मॅडमनी फोनच्या सेटिंगमधून अक्षर मोठं केलं आणि माझ्या चौकटींमधल्या शेवटच्या ओळी अर्ध्यातून कापल्या गेल्या, कारण मी चौकटीची उंचीही पिक्सेलमध्ये बांधली होती. "उंची मजकुराला ठरवू द्या, दादा," एवढंच त्या म्हणाल्या.

२०१५ मध्ये त्या बंगळूरला गेल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्यांच्या सह्यांच्या कार्डावर मी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं लिहिलं आणि खाली सही केली. लग्नपत्रिकांच्या दुकानात अशी वाक्यं मी हजारदा जुळवली होती. त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही, किंवा सुचलेलं लिहायचा धीर झाला नाही.

त्यानंतर जे घडलं ते सांगणं मला जड जातं.

२०१६ च्या सुरुवातीला निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम आमच्याकडे आलं. रोजचे बाजारभाव पानावर द्यायचे होते. तक्ता पाच रकान्यांचा होता: शेतमाल, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. बाजार समितीच्या कागदावर ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने मी ते घेतले. रकान्यांची नावं दोन ओळींत तुटू नयेत म्हणून त्यांना एका ओळीत राहायला बांधलं. खिडकी अरुंद केल्यावर तक्त्याखाली आडवी सरकपट्टी यायची. ती मला ओबडधोबड वाटली. काम दाखवायच्या आदल्या संध्याकाळी मी तक्त्याभोवतीच्या चौकटीला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाईल ते झाक, असं सांगितलं. सरकपट्टी गेली. माझ्या स्वतःच्या फोनवर पाचही रकाने दिसत होते. माझा फोन मोठा होता.

माझे मामा निफाडजवळ कांदा करतात. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"अरे, तुमच्या पानावर सर्वसाधारण दर का देत नाहीत?"

"देतो की मामा. शेवटच्या रकान्यात आहे बघा."

"माझ्या फोनात चारच रकाने आहेत."

रविवारी मी एसटीने गेलो. मामांकडे त्यांच्या मुलाचा जुना फोन होता, ३२० पिक्सेल रुंदीचा. ओट्यावर बसून मी आमचं पान उघडलं. जास्तीत जास्त दराचा रकाना काचेच्या कडेला टेकला होता आणि त्यापुढे काही नव्हतं. बोटाने सरकवलं, सरकलं नाही. सरकणार कसं? सरकायची वाट मीच बंद केली होती.

कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. जास्तीत जास्त दर त्या दिवशीच्या एखाद-दोन उत्तम वाहनांना मिळतो. बहुतेकांना जो मिळतो, तो सर्वसाधारण. कांदाचाळीतला माल आज काढायचा की अजून थांबायचं, हे शेतकरी त्या शेवटच्या आकड्यावरून ठरवतो. मामांनी आधीच्या आठवड्यात वरचा दर पाहून दोन ट्रॉल्या भरल्या होत्या. हातात पडला सर्वसाधारण. किती कमी पडला ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. रकाना आहे, पण पान नीटनेटकं दिसावं म्हणून मी तो झाकला. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना दिसतो का रे?"

मी म्हणालो, "लहान फोन असेल त्यांना नसेल दिसत."

"मग हा फोन घेऊन जा तू. नीट दिसेपर्यंत ठेव. माझं काही अडत नाही."

परतीच्या एसटीत तो फोन माझ्या मांडीवर होता. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी कंपनीच्या लोकांना फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. मग ओव्हरफ्लो हिडन काढलं आणि तक्ता बोटाने सरकेल असं केलं. रकान्यांच्या नावांना दोन ओळींत मोडायची मोकळीक दिली. एवढ्यावर तक्ता मामांच्या फोनमध्ये बसला. पण तो फोन समोर ठेवून मी दिवसभर बसून राहिलो, तेव्हा कळलं की सर्वसाधारण दर शेवटी असण्याचं काही कारणच नव्हतं. बाजार समितीच्या कागदावर तो शेवटी असतो, म्हणून मी तो शेवटी ठेवला. कुणाला काय आधी हवं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी तो उचलून शेतमालाच्या नावाला लागून, दुसऱ्या जागी आणला.

ल्यूक रोब्लेव्स्की यांचं 'मोबाइल फर्स्ट' हे २०११ चं पुस्तक मॅडमनी मला कधीच दिलं होतं. लहान पडद्यापासून सुरुवात करा, जागा कमी असली की महत्त्वाचं काय ते ठरवावंच लागतं, हे त्यातलं म्हणणं मी वाचलंही होतं. पण त्यातून मी एवढंच घेतलं की मीडिया क्वेरी मोठ्याकडून लहानाकडे न लिहिता लहानाकडून मोठ्याकडे लिहायच्या. पुस्तकाचा अर्थ मला मामांच्या फोनने सांगितला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बघता बघता गावोगावी असे फोन इंटरनेटला लागले. तोवर तो तक्ता दुरुस्त झालेला होता, एवढं एक समाधान आहे.

मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांत एकाच महिन्यात सीएसएस ग्रिड आलं. त्याआधी आम्ही रकाने उभे करायला फ्लोट वापरत होतो, जे मुळात चित्राच्या बाजूने मजकूर वाहावा यासाठी होतं. मग फ्लेक्सबॉक्स आलं. ग्रिड येण्याच्या कितीतरी आधीपासून रेचेल अँड्र्यू ते शिकवत फिरत होत्या, लिहीत होत्या, उदाहरणं करून ठेवत होत्या. मी ग्रिड त्यांच्या उदाहरणांवरूनच शिकलो. रकान्याला किमान रुंदी सांगायची आणि किती रकाने बसतील ते पडद्यालाच ठरवू द्यायचं, हे दोन-तीन शब्दांत लिहिता येतं असं पाहिलं, तेव्हा भागाकारांनी भरलेली ती जुनी वही काढून थोडा वेळ चाळली.

आणखी एक ऋण आहे, ते मला सर्वांत उशिरा कळलं. सीएसएसचा पहिला प्रस्ताव हॉकून व्हियुम ली या नॉर्वेच्या माणसाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी, सर्नमध्ये असताना मांडला. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती पक्की झाली. तो मूळ प्रस्ताव मी २०१८ मध्ये वाचला. पान कसं दिसावं यात लिहिणाऱ्याचा वाटा किती आणि वाचणाऱ्याचा किती, याचा विचार त्यात अगदी सुरुवातीपासून आहे. कुणाचं म्हणणं किती टक्के धरायचं, हे लिहायची सोयही त्यात सुचवली होती. टक्क्यांची ती सोय पुढे राहिली नाही, पण वाचणाऱ्याचा वाटा राहिला. मामांनी फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं होतं, तो त्यांचा वाटा. मी अक्षरांची मापं पिक्सेलमध्ये बांधून तो त्यांना नाकारत होतो. हे वाचल्यावर मी अक्षरांची मापं रेममध्ये द्यायला लागलो, म्हणजे वाचणाऱ्याने जे ठरवलं असेल त्याच्या पटीत. इतकी वर्षं सीएसएस वापरूनही ते कशासाठी केलं गेलं, हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडमना मी अजून नीट काही कळवलेलं नाही. सणाला निरोपांची देवाणघेवाण होते, पण मामांच्या तक्त्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. खिडकीची कड धरून त्यांनी विचारलेला प्रश्न मला तीन वर्षांनी, तोही दुसऱ्याच्या नुकसानातून कळला, हे सांगायला जीभ रेटली नाही. हा मजकूर त्यांना पाठवणार आहे.

मामांनी पुढे नवा फोन घेतला. जुना मी मागून घेतला. त्याची बॅटरी आता टिकत नाही, चार्जर लावूनच तो चालू होतो. अजूनही कुठलंही पान कुणाला दाखवायच्या आधी ते त्या फोनवर उघडतो.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावच्या वाचनालयाचं, शाळेचं, दवाखान्याचं किंवा बाजार समितीचं पान घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर एकदा उघडून पाहा. काही कापलं जात असेल, बोटाने सरकत नसेल, अक्षर मोठं केल्यावर ओळ दिसेनाशी होत असेल, तर ज्यांचं पान आहे त्यांना फोन करून सांगा. बनवणाऱ्याच्या फोनवर ते सगळं दिसत असतं.